मंजिऱ्या राहू द्या

मुलांनो, तुळस ठाऊक नाही असे मूल महाराष्ट्रात विरळाच. कोणाच्या अंगणात ती चुन्याने रंगविलेल्या वृंदावनात असते, कोणाच्या चाळीच्या गॅलरीत पत्र्याच्या डब्यात, तर कोणाच्या खिडकीच्या गजांपाशी एखाद्या मातीच्या कुंडीत. आषाढीच्या वारीला निघालेल्या स्त्रिया तिला डोक्यावर घेऊन पंढरीची वाट चालतात. कार्तिकात द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत उसाच्या मांडवाखाली तिचे लग्न लागते. घरात कोणाला पडसे झाले, की काढ्यासाठी पहिली आठवण तिचीच होते. इतक्या जवळच्या या रोपाविषयी मला आज तुमच्याशी थोडे बोलावयाचे आहे आणि एक विनंतीही करावयाची आहे.

तुळस वाढली, की तिच्या शेंड्यांवर फुलांचे तुरे येतात. त्यांना आपण मंजिऱ्या म्हणतो. मंजिऱ्या दिसू लागल्या, की घरातील कोणीतरी वडील माणूस त्या खुडून टाकते. ‘मंजिऱ्या ठेवू नयेत, त्यांनी झाड लवकर वाळते,’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मीही ते ऐकले आहे; आणि त्यात मुळीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तथापि, सगळ्या मंजिऱ्या खुडून टाकणे बरे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान निम्म्या तरी फुलेपर्यंत झाडावर राहू द्याव्यात. असे का, ते मी सांगतो. तुम्ही माझे म्हणणे पारखून घ्या आणि पटले तरच माना.

प्रथम मंजिरी म्हणजे काय ते नीट पाहू. दुरून ती एखाद्या काडीसारखी दिसते. परंतु जवळ जाऊन पाहिले म्हणजे तिची रचना किती रेखीव आहे ते ध्यानात येते. एका दांड्यावर थोड्या थोड्या अंतराने फुलांची वर्तुळे असतात आणि प्रत्येक वर्तुळात बहुधा सहा फुले असतात. फूल तांदळाच्या दाण्याहूनही लहान, रंगाने फिकट जांभळे. इतक्या लहान फुलालाही दोन ओठ असतात. वरच्या ओठाला चार पाळ्या असतात, खालचा ओठ अखंड असतो. फुलात चार पुंकेसर असतात आणि ते खालच्या ओठाच्या बाजूस झुकलेले असतात. फुलाच्या तळाशी मकरंदाचा एक सूक्ष्म थेंब असतो. मकरंद पिण्यासाठी माशी या फुलाला बिलगली, की खाली झुकलेल्या पुंकेसरांचे पराग तिच्या अंगाच्या खालच्या बाजूस लागतात. मग ती दुसऱ्या फुलावर जाते आणि तेच पराग तेथे पोहोचतात. यालाच परागीभवन म्हणतात. ते झाले म्हणजे प्रत्येक फुलाच्या जागी जास्तीत जास्त चार बारीक बिया तयार होतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मंजिरीची सगळी फुले एकाच दिवशी उमलत नाहीत. खालची फुले आधी उमलतात, मग त्यांच्या वरची, मग त्यांच्याही वरची. त्यामुळे एक मंजिरी पुष्कळ दिवस पाहुण्यांचे स्वागत करीत राहते. आपण ती कोवळी असतानाच खुडली, तर हे सारे दिवस एकदम संपतात.

आता हे पाहुणे कोण, ते पाहू. सकाळी ऊन पडल्यावर दहा मिनिटे फुललेल्या तुळशीजवळ शांत बसा. आपल्याकडे ‘सातेरी’ नावाची मधमाशी आहे. ती झाडाच्या ढोलीसारख्या अंधाऱ्या जागेत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, आणि तिला लाकडी पेटीतही पाळता येते. ‘फुलोरी’ माशी तिच्याहून लहान. ती झुडपाच्या फांदीला एकच छोटे पोळे लटकविते. याहूनही बारीक, काळसर आणि डंख नसलेल्या माश्या तुमच्या दृष्टीस पडतील. एखादे वेळी पोटावर निळसर चकाकणारे पट्टे असलेली माशी सूंऽ करीत येईल आणि फुलाफुलावर क्षणभर थांबून निघून जाईल. ती पोळे बांधीत नाही. मातीत बीळ करून एकटीच राहते. ज्या माशीच्या मागल्या पायांना पिवळट गोळ्या चिकटलेल्या दिसतील, ती आपल्या पोळ्यातील पिलांसाठी परागाची शिदोरी घेऊन चालली आहे असे समजा.

‘माश्यांना मध मिळाला काय आणि न मिळाला काय, त्यात आमचे काय?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तुमच्या ताटातच आहे. दोडका, भोपळा, कारले, काकडी यांच्या वेलींना नरफुले निराळी आणि मादीफुले निराळी येतात. नरफुलातील पराग मादीफुलापर्यंत कोणीतरी पोहोचवावा लागतो. तो पोहोचला नाही, तर फुलामागचे इवलेसे फळ पिवळे पडून गळून जाते. परसातल्या वेलीला फुले भरपूर, पण दोडके मात्र नाहीत, अशी तक्रार तुम्ही कधी ऐकली असेल. पुष्कळदा तिचे कारण हेच असते. कांद्याचे बी धरणारे शेतकरी डेंगळे फुलले म्हणजे शेतात मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात. ते मधासाठी नव्हे. बी चांगले भरावे म्हणून. माशीने मकरंद घ्यावा आणि शेतकऱ्याचे बी भरून द्यावे, असा हा व्यवहार आहे.

माशी नसेल तर काय होते, याचे एक उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. हिंदी महासागरात रीयुनियन नावाचे एक बेट आहे. मूळ मेक्सिकोतील व्हॅनिलाची वेल एकोणिसाव्या शतकात तेथे लावण्यात आली. वेल वाढली, तिला फुलेही आली. परंतु शेंगा धरेनात. कारण मेक्सिकोतील ज्या माश्या त्या फुलांचे परागीभवन करीत, त्या या बेटावर नव्हत्या. अखेर १८४१ साली एडमंड नावाच्या अवघ्या बारा वर्षांच्या एका गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा यांच्या साहाय्याने फुलातील पराग योग्य जागी लावण्याची सोपी युक्ती शोधून काढली. त्या युक्तीने पुढे कित्येक मळेवाले श्रीमंत झाले. त्या मुलाला मात्र त्याचे फळ मिळाले नाही; १८८० साली तो दारिद्र्यातच मरण पावला. आजही व्हॅनिलाच्या मळ्यांत माणसे फुलामागून फूल हाताळीत हे काम करतात. तेही वेळ साधून. कारण हे फूल जेमतेम एक दिवस टिकते. आता कल्पना करा, की उद्या आपल्याकडील प्रत्येक भोपळ्याचे, काकडीचे आणि कांद्याचे फूल माणसांना हाताने असे शिंपावे लागले, तर किती माणसे लागतील आणि भाजी कोणाला परवडेल? जे काम माशी मजुरी न मागता करते, त्याची किंमत ती नसतानाच कळते.

ही माशी फुलावाचून जगू शकत नाही. रानातील फुले हंगामी असतात. जांभळाला मोहोर येतो तो ठरावीक दिवसांत. सह्याद्रीतील कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. शेतातले पीक फुलते तेव्हा महिनाभर चंगळ असते आणि पीक निघाले म्हणजे पुन्हा दुष्काळ. शहरातील स्थिती तर याहूनही बिकट आहे. तेथे अंगणाच्या जागी फरश्या आल्या. बागांत हिरवळ असते, रंगीत पानांची झाडे असतात. पण हिरवळीवर माशीचे पोट भरत नाही. गर्द पाकळ्यांची काही शोभेची फुले तर अशी असतात, की त्यांतील पुष्कळ पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. डोळ्यांना ती सुंदर दिसतात. पण परागासाठी आलेल्या माशीची तेथे निराशा होते. अशा वेळी तुळशीचे महत्त्व ध्यानात येते. ऊन आणि पाणी मिळाले, तर ती वर्षातील बरेच महिने फुलत राहते. एका हातावर मावेल एवढी जागा तिला पुरते. आणि मुख्य म्हणजे, ती आपल्याकडे घरोघरी आधीच आहे! नवे काही विकत आणावयाचे नाही. फक्त आपला हात थोडा आवरावयाचा आहे.

आता माझ्या मताविरुद्ध जे म्हटले जाते, त्याचाही विचार केला पाहिजे. एकच बाजू मांडणे हे न्यायाचे लक्षण नव्हे.

पहिला आक्षेप असा, की मंजिऱ्या ठेवल्या तर तुळस लवकर वाळते. यात सत्य आहे. बी पिकविण्यात झाडाची पुष्कळ शक्ती खर्च होते. मग पाने लहान आणि विरळ येतात, खोड लाकडासारखे कठीण होते. परंतु येथे शब्द नीट लक्षात घ्या. झाडाला अधिक ओझे होते ते बी पिकविण्याचे. म्हणून मंजिरीला फुलू द्यावे, आणि खालपासून वरपर्यंतची फुले गळून ती तपकिरी होऊ लागली, म्हणजे मग ती कापावी. अशाने माशीलाही तिचा वाटा मिळतो आणि झाडावरही फारसा भार पडत नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी दोन रोपे लावावीत. एक पानांसाठी, एक फुलांसाठी. तुळस काही एका वर्षात मरणारी वनस्पती नव्हे. नीट निगा राखली तर ती काही वर्षे टिकते. आणि म्हातारी झाली म्हणजे तिच्याच बियांपासून नवी रोपे करता येतात. मंजिऱ्या कधी ठेवल्याच नाहीत, तर ही नवी रोपे कोठून येणार?

दुसरा आक्षेप, मंजिऱ्या देवाला वाहावयाच्या असतात. ज्यांची तशी श्रद्धा आहे त्यांनी अवश्य वाहाव्यात. पण आपल्या परंपरेनेच तुळशीपासून घेताना हात राखावयास शिकविले आहे, हे विसरू नये. द्वादशीच्या दिवशी तुळस तोडू नये असा जुना दंडक आहे. घेताना थोडे मागे ठेवावे, हाच त्यातला भाव मला दिसतो. मूठभर देवासाठी घेतले आणि ओंजळभर झाडावर ठेवले, तर त्या श्रद्धेला उणेपणा येईल असे मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे. ‘माश्या आल्या तर चावतील.’ फुलावर बसलेली मधमाशी आपल्या कामात गर्क असते. तिला चिमटीत धरले, पायाखाली तुडविले किंवा झटकले, तरच ती डंख करते. आपल्याला डंख केल्यावर तिचा काटा आपल्या कातडीत अडकून राहतो आणि ती स्वतः मरते. म्हणून उगीच डंख करण्याची तिला हौस नसते. मोहोळाची गोष्ट मात्र निराळी. उंच झाडावरील किंवा इमारतीवरील आग्या मोहोळाला कधीही दगड मारू नका आणि त्याच्याजवळही जाऊ नका. ज्यांना डंखामुळे पूर्वी मोठा त्रास झाला असेल, त्यांनी फुललेल्या झाडापासूनही दूर राहणेच बरे.

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘आमच्या एका कुंडीने काय होणार?’ कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मधमाश्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. मधमाशीला मकरंदाने समृद्ध अशी जागा सापडली, की ती पोळ्यात परत येऊन एक प्रकारचे नृत्य करते आणि ती जागा कोणत्या दिशेला व किती दूर आहे हे इतर माश्यांना सांगते, असे त्याने दाखवून दिले. त्या कार्याबद्दल त्याला १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आता खरे सांगावयाचे, तर एका खिडकीतील चार मंजिऱ्यांसाठी कोणतीही माशी असे नृत्य करणार नाही. पण एका गल्लीतील पंचवीस खिडक्यांत तुळशी फुलल्या तर? तेव्हा ती गल्लीच माशीच्या दृष्टीने एक शेत होते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर या लहानशा गावाने हेच दाखवून दिले आहे. तेथे घरोघरी मधमाश्या पाळतात, म्हणून २०२२ साली ते ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. ते एका घराचे काम नव्हते. म्हणूनच माझी विनंती एकट्यादुकट्याला नाही. ती तुम्हां सर्वांना आहे.

तुळशीविषयी बोलताना आणखी एका गोष्टीची सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रेमाच्या भरात पुष्कळ लोक तिची खोटी स्तुती करतात. तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते, असे तुम्ही ऐकले असेल. ते खरे नाही. इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे ती प्रकाशातच प्राणवायू सोडते. रात्री तीही आपल्यासारखीच श्वसन करते. तिच्या पानांत लवंगेत असते तसे सुगंधी तेल असते, तिच्या फुलांवर माश्या येतात आणि थोड्या मातीत ती आनंदाने वाढते. तिला मोठेपणा देण्यास एवढे पुरेसे आहे. जे खरे आहे ते पाहून प्रेम केले, तर ते प्रेम टिकते.

आता ही तुळस कशी वाढवावी तेही सांगतो. वाळलेली मंजिरी तळहातांवर हलकेच चोळा आणि हळूच फुंकर मारून कोंडा उडवून द्या. मागे बारीक बिया राहतील. त्या कागदाच्या पुडीत कोरड्या जागी ठेवा. मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या आरंभी, तळाला भोक असलेल्या कुंडीत दोन भाग माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत भरा. त्यावर बी पसरा आणि मातीचा अगदी पातळ थर द्या. बी खोल पुरू नका. पाणी ओतू नका, शिंपडा. साधारण आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतील. रोपांना चार-सहा पाने आली, की त्यांतील निकोप रोपे काढून निरनिराळ्या कुंड्यांत लावा. कुंडी उन्हात ठेवा. सावलीत तुळस लांबोळकी आणि रोडकी होते. वरची माती सुकल्यावरच पाणी घाला, कारण साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. पानांवर मावा पडला, तर पाण्याने धुऊन काढा. विषारी औषध कधीही फवारू नका. ती पाने आपण खातो आणि त्या फुलांवर माश्या येतात. उन्हाळ्यात जवळच एका पसरट बशीत पाणी आणि चार खडे ठेवा. खड्यांवर बसून माश्यांना बुडण्याची भीती न बाळगता पाणी पिता येईल. मात्र ते पाणी रोज बदला, नाही तर त्यात डासांची अंडी होतील. ज्यांना तुळशीबरोबर आणखी काही लावावयाचे असेल, त्यांनी सब्जा किंवा पुदिना लावावा. ही दोन्ही तुळशीच्याच कुळातील आहेत आणि त्यांच्याही फुलांवर माश्या येतात.

दर वर्षी २० मे हा दिवस जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळला जातो. २०१८ सालापासून हा प्रघात सुरू झाला. आपल्याकडे त्या वेळी उन्हाळ्याची सुट्टी असते. सुट्टीतील एक सकाळ बिया गोळा करण्यात घालवा. शाळा उघडेल तेव्हा तुमच्या पुड्या पेरणीसाठी तयार असतील. मग वर्गातील प्रत्येकाने एकेक रोप वाढवावे, आणि कोणत्या महिन्यात किती प्रकारच्या माश्या आल्या याची नोंद वहीत ठेवावी.

घरी मोठी माणसे मंजिऱ्या खुडू लागली, तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झाड जगविले आहे, आणि त्यांच्या सांगण्यात अनुभव आहे. त्यांना फक्त जवळ बोलवा, फुललेली एखादी मंजिरी दाखवा आणि तिच्यावर बसलेली माशी दाखवा. म्हणावे, “आजी, हिचे काम होईपर्यंत थांबू या का?” माझा अनुभव असा आहे, की ज्या आजीने आयुष्यभर तुळशीला पाणी घातले, ती या प्रश्नाला सहसा ‘नाही’ म्हणत नाही.